शेवटच्या डाइव्हचा गारठा

उष्ण कटिबंधातल्या समुद्राचं पाणी २८ अंश असतं, हे एकदा कानावर पडलं की वेटसूटचा, म्हणजे डायव्हिंगच्या रबरी पोशाखाचा, विचार तिथेच थांबतो. २८ अंश म्हणजे कोमटच की! पहिल्या दिवशी पहिल्या डाइव्हला ते खरंही वाटतं. पण आपलं शरीर ३७ अंशांवर चालतं, आणि पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. काही न घालता, हातपाय न हलवता माणूस पाण्यात आरामात पडून राहू शकेल असं तापमान ३३ ते ३५ अंशांच्या घरात आहे. त्याखालचं कुठलंही पाणी आपल्या अंगातली ऊब घेतच असतं, फक्त सावकाश. दिवसाला तीन डाइव्ह, असे सलग पाच-सहा दिवस झाले की ही उधारी जाणवायला लागते. चौथ्या दिवशी, तिसऱ्या डाइव्हच्या पंचेचाळिसाव्या मिनिटाला, त्याच २८ अंशांत दात वाजू लागतात.

म्हणून सूट घेताना विचार करायचा तो शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या डाइव्हचा. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, चालू आहे, हालचाल बंद आहे, सिलिंडरमध्ये ६० बार दाबाची हवा उरली आहे, वर ढग आलेत. त्या क्षणी अंगावर जे असेल, ते पुरेसं आहे का? डाइव्ह सेंटर निवडतानाही मला हीच कसोटी योग्य वाटते. सगळं सुरळीत असताना हसतमुख गाईड आणि गरम चहा कुठेही मिळतो.

थंडीला नुसती गैरसोय समजू नये. अंग गार पडलं की श्वास भरभर होतो आणि हवा लवकर संपते. बोटं बधिर होतात आणि बकल सापडत नाही. लक्ष सगळं वर कधी जायचं याकडे लागतं. शिवाय डीकंप्रेशन सिकनेसचाही, म्हणजे वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाचाही, संबंध आहे. अमेरिकन नौदलाच्या एक्सपेरिमेंटल डायव्हिंग युनिटने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की तळाशी असताना उबेत आणि वर येताना गारठ्यात राहिलेल्या डायव्हरना हा धोका जास्त होता. कारण समजायला सोपं आहे. उबेत रक्त हातापायांत मोकळं फिरतं आणि नायट्रोजन ऊतींमध्ये भरभर शिरतो. वर येताना अंग गार झालं, रक्तवाहिन्या आकसल्या, की तोच नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. मौजेच्या डाइव्हचा नेहमीचा क्रम नेमका हाच आहे: सुरुवातीला ऊब, शेवटी गारठा.

सूट आणि कातडीमधलं पाणी शरीराने तापतं आणि तेच आपल्याला ऊब देतं, असं अनेक कोर्समध्ये अजूनही सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ऊब राखतात ते निओप्रीनच्या रबरात अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे. ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात १९५२च्या सुमारास वेटसूट घडवला, तो याच जाणिवेतून: कपड्यात पुरेसा वायू कोंडलेला असेल, तर आतला माणूस ओला झाला तरी बिघडत नाही. आतल्या पाण्याने करायचं एवढंच, की जागच्या जागी राहायचं. ते सारखं आत-बाहेर करायला लागलं, तर प्रत्येक वेळी नवं पाणी तापवण्याचा खर्च आपल्या अंगातून होतो.

पुढचं सगळं यातूनच निघतं. पहिलं म्हणजे खोली. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्मे होतात. २० मीटरवर एक तृतीयांश, ३० मीटरवर पाव. रबर स्वतः दबत नाही, त्यामुळे सूटची जाडी काही पावच होत नाही. पण ३० मीटरवर अंगावरचा ५ मिलिमीटरचा सूट दुकानातल्या सूटइतका जाड नसतो, हे पक्कं. दुसरं म्हणजे वय. शेकडो वेळा दबून-सुटून बुडबुडे कायमचे बसतात. भाड्याच्या सूटवर ३ मिलिमीटर लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो घट्ट विणीच्या बनियनसारखा झालेला असतो. हे ओळखायला सूटची पाठ चिमटीत दाबायची आणि सोडायची. जिवंत निओप्रीन लगेच फुगून येतं. मेलेलं दबलेलंच राहतं, आणि गुडघ्या-कोपरांवर सुरकुत्यांच्या रेघा दिसतात. सेंटरमध्ये एकाच मापाचे दोन सूट टांगलेले असले, तर दोन्ही चिमटीत धरून बघावेत. फरक बोटांना कळतो.

जाडीचा ढोबळ हिशेब असा. पाणी २९ अंश किंवा वर आणि दिवसाला एक-दोन छोट्या डाइव्ह, तर लायक्राचा सूट किंवा १ मिलिमीटर चालतो. २७ ते २९ अंशांना ३ मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा. २४ ते २६ला ५ मिलिमीटर. त्याखाली ७, किंवा ५च्या आत टोपीची जॅकेट. ३/२ असं लिहिलेलं दिसलं, तर धड ३चं आणि हातपाय २चे. अंगाने सडपातळ असाल, दिवसाला तीन-चार डाइव्ह असतील, रात्रीच्या डाइव्ह असतील, किंवा कॅमेरा घेऊन एका जागी वीस-वीस मिनिटं बसणार असाल, तर एक पायरी वर जा. मधल्या सीमेवर असाल तेव्हाही जाड सूटच घ्या. उकडलं, तर पाण्यात गळा जरा ताणून गार पाणी आत घेता येतं. गारठ्यावर पाण्याखाली इलाज नाही.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती २ किंवा ३ मिलिमीटरची, बिनबाह्यांची, डोक्यावर टोपी असलेली जॅकेट. ती ३ मिलिमीटरच्या सूटच्या आत घातली, की एकाच सूटचे दोन सूट होतात. पहिले दोन दिवस ती बॅगेत राहील. तिसऱ्या दिवसापासून ती लागतेच.

आणि नकाशावर विषुववृत्त दिसलं म्हणून पाणी उबदार असेलच असं नाही. गालापागोस बेटं विषुववृत्तावरच आहेत, पण तिथे खोलातला आणि दक्षिणेकडचा थंड प्रवाह येऊन धडकतो, आणि लोक ७ मिलिमीटर घालून उतरतात. बालीजवळच्या नुसा पेनिदाला जुलै ते ऑक्टोबरच्या दिवसांत मोला मासा बघायला गर्दी होते. तो मासा वर येतो तोच खालून उसळणाऱ्या गार पाण्याबरोबर, आणि ते पाणी २० अंशांच्याही खाली जाऊ शकतं. थर्मोक्लाइन, म्हणजे उबदार आणि गार थरांमधली सीमा, समोर आला की पाणी काचेवर तेल सांडल्यासारखं थरथरताना दिसतं, आणि दुसऱ्या क्षणी तोंडावर गारवा आदळतो. म्हणून डाइव्ह सेंटरला विचारताना 'पाणी किती अंश' एवढंच विचारू नये. 'या महिन्यात, २५ मीटरवर, सगळ्यात कमी किती जातं, आणि तुमचे गाईड स्वतः काय घालतात', असं विचारावं. गाईडच्या अंगावर ५ मिलिमीटर आणि टोपी असेल, तर वेबसाइटवरचा आकडा बाजूला ठेवा.

माप हा जाडीहूनही महत्त्वाचा भाग आहे. सैल ५ मिलिमीटरपेक्षा अंगाला चापून बसलेला ३ मिलिमीटर जास्त ऊब देतो. कोरडा सूट घालून उभं राहिलं की तो किंचित जास्तच घट्ट वाटायला हवा, कारण ओला झाल्यावर तो सैलावतो. पोकळ जागा बघायच्या त्या चार: कमरेचा खळगा, दोन्ही काखा, जांघ आणि मानेची मागची बाजू. पाठीच्या कण्याजवळ मूठभर कापड हातात येत असेल, तर तिथे पाण्याची टाकी तयार होणार आणि प्रत्येक किकबरोबर ती उपसली जाणार. मग उकिडवं बसून बघायचं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एक हात मागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो का ते बघायचं. छाती भरून तीन-चार श्वास घ्यायचे. श्वास अडत असेल, तर सूट लहान आहे. गळ्यापाशी तर अजिबात तडजोड नको. मानेच्या दोन्ही बाजूंना रक्तवाहिन्यांमध्ये दाब मोजणारी जागा असते. तिच्यावर सूटचा गळा रुतला, तर मेंदूला रक्तदाब वाढल्यासारखा वाटतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि चक्कर येते. बोटीवर त्याला बोट लागली असं समजलं जातं.

शिवणही उलटवून बघावी. दोन्ही बाजूंनी आरपार गेलेल्या सपाट शिवणीत प्रत्येक टाक्याला भोक असतं. २९ अंशांना ते चालून जातं. त्याहून गार पाण्याला आधी चिकटवलेली आणि मग अर्ध्याच जाडीत टाके घातलेली शिवण हवी. तिचा दोरा दुसऱ्या बाजूला येत नाही. मनगट आणि घोट्याला आतून गुळगुळीत रबराची पट्टी असेल तर पाणी तिथेच अडतं. पाठीवर चेन असेल, तर तिच्यामागे निओप्रीनची पट्टी आडवी यायला हवी. चेन लावताना केस, आतल्या पातळ शर्टाची (रॅश गार्डची) कड किंवा ती पट्टीच दातांत अडकते, आणि सूटची चेन बिघडते ती बहुतेक वेळा याच ओढाताणीत.

घालण्याची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. पायात पातळ मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन जातो. आधी दोन्ही पाय गुडघ्याच्या वर, मग जांघेपर्यंत पूर्ण ओढून घ्यायचे. इथे दोन बोटं जागा राहिली, तर पुढे खांदे कधीच नीट बसत नाहीत आणि दोष मापाला दिला जातो. ओढायचं ते बोटांच्या पेरांनी. नखांनी ओढलं, तर चंद्रकोरीसारखी चीर पडते. पडलीच, तर निओप्रीनचा गोंद दोन्ही कडांना पातळ लावून पाच-दहा मिनिटं सुकू द्यायचा, पुन्हा एक हात द्यायचा, आणि कडा बोटांनी घट्ट दाबून धरायच्या. आणि चेन लावायची ती पाण्यात उतरण्याच्या अगदी आधी. उन्हातल्या डेकवर पूर्ण सूट चढवून ब्रीफिंग ऐकणारा माणूस पाण्यात जाण्याआधीच घामाने अर्धा झालेला असतो, आणि अंगातलं पाणी कमी होणं डायव्हिंगला बरं नाही.

सूट बदलला की बुडण्यासाठी बांधायचं शिशाचं वजन बदलतं, आणि भाड्याच्या सामानावर इथेच गोंधळ होतो. मागच्या सहलीतला आकडा सांगून उपयोग नाही. पाण्यात उतरून, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामी करून, नेहमीइतका श्वास धरून स्थिर राहायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला लागलो, तर वजन बरोबर. ही चाचणी भरलेल्या सिलिंडरवर केली असेल, तर वर सुमारे २ किलो घालायचे. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला अडीच किलोहून जास्त हवा असते. ती संपत जाते तसं सिलिंडर हलकं होतं, आणि शेवटी ते आपल्याला वर ओढू लागतं. त्यातच ५ मीटरवर सूटचे बुडबुडे पुन्हा फुगलेले असतात. सेफ्टी स्टॉपला टिकता न येण्याचं कारण बहुधा इतकंच असतं. स्विमिंग पूलमध्ये जमलेलं वजन समुद्रात दोन-तीन किलोंनी कमी पडतं, हेही लक्षात असू द्या.

आता डाइव्ह सेंटर. पाडी, एसएसआय, सीमास यांचं बोधचिन्ह दारावर असणं ही सुरुवात झाली. या संस्था शिकवण्याचे नियम ठरवतात. रोज सकाळी बोटीवर काय घडतं ते त्या सेंटरच्या माणसांवर असतं. डायव्हिंगची सेवा देणाऱ्यांसाठी आयएसओ २४८०३ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. सेंटरला ते ठाऊक असेल तर चांगलंच. पण मी सगळ्यात आधी बघेन ते हे, की सेंटर तुम्हाला काय विचारतं. शेवटची डाइव्ह कधी केली? लॉगमध्ये, म्हणजे डाइव्हच्या वहीत, किती नोंदल्या आहेत? प्रशिक्षणाचं कार्ड दाखवा. आरोग्याचा फॉर्म भरा, आणि एका प्रश्नाला जरी 'हो' असेल, तरी गरज असल्यास डॉक्टरांचं पत्र आणा. हा फॉर्म पाहून अनेकांच्या कपाळावर आठ्या येतात. पण दोन वर्षांनी पाण्यात उतरणाऱ्याला पहिल्याच दिवशी प्रवाहाच्या जागी न नेता उथळ जागी चेक डाइव्ह करायला लावणारं सेंटर तुमची काळजी घेतंय. ओपन वॉटर या पहिल्या पातळीच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या ॲडव्हान्स्डची ३०. मौजेच्या डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटर. बारा डाइव्ह झालेल्या माणसाला '३५ मीटरवरचं बुडालेलं जहाज दाखवतो, काही होत नाही' असं कुणी म्हणालं, तर तिथून पाठ फिरवावी.

एका गाईडमागे किती जण, हे आकड्यात विचारा. चार हा चांगला आकडा आहे. आठ असतील, तर सगळ्यात जास्त हवा ओढणाऱ्याच्या हिशेबाने सगळ्यांना वर यावं लागतं, आणि मागच्या दोघांकडे कुणाचं लक्ष नसतं.

अपघातात लागणाऱ्या ऑक्सिजनबद्दलही आकड्यातच विचारायचं. 'बोटीवर ऑक्सिजन आहे' या उत्तरावर थांबायचं नाही. समजा सिलिंडर २ लिटरचं आहे आणि १५० बारला भरलंय, म्हणजे ३०० लिटर. मिनिटाला १५ लिटर दिले, तर २० मिनिटांत संपणार. बोट किनाऱ्यापासून दीड तासावर जात असेल, तर उरलेली ७० मिनिटं काय? ऑक्सिजन देणारा व्हॉल्व्ह आणि मास्क कुठे आहे, कोणाला वापरता येतो, शेवटचं कधी उघडून बघितलं, सगळ्यात जवळचं रीकंप्रेशन चेंबर (दाब वाढवून उपचार करायची बंद खोली) कुठे आणि तिथे कसं नेणार, हे विचारल्यावर जो माणूस उठून पेटी उघडून दाखवतो, त्याच्याबरोबर जावं. डायव्हिंगचा विमा मात्र आपणच काढायचा असतो. साध्या प्रवास विम्यात चेंबरचा खर्च असतोच असं नाही.

हवेबाबतीत नाक वापरा, पण त्यावर विसंबू नका. व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा पांढऱ्या कापडावर सोडली आणि पिवळट डाग पडला किंवा तेलाचा वास आला, तर ते सिलिंडर परत. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो. श्वसनाच्या हवेच्या युरोपीय मानकात त्याची कमाल मर्यादा दहा लाखांत ५ भाग एवढीच आहे, कारण खोलीवर दाबाबरोबर विषाची मात्राही चढते. म्हणून कॉम्प्रेसर एकदा डोळ्यांनी बघून घ्यावा: हवा ओढणारा पाइप इंजिनाच्या धुराकडे तोंड करून आहे का, फिल्टर बदलल्याच्या तारखा लिहिल्यात का. सिलिंडरच्या खांद्यावर पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची तारीख कोरलेली असते. ती अनेक देशांत पाच वर्षांनी करावी लागते. ज्यातून श्वास घ्यायचा त्या रेग्युलेटरच्या तोंडातल्या रबराला चीर, होजच्या (नळीच्या) मुळाशी भेगा, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेत पाणी, या खुणा लपत नाहीत. उतरण्यापूर्वी गेजकडे बघत चार खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली डुलत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. कुणीतरी बंद व्हॉल्व्ह पाव फेराच उघडलेला असतो. वर श्वास मिळतो, २० मीटरवर तो अपुरा पडतो.

बोटीवरची हजेरी नावाने घेतात की डोकी मोजून? १९९८च्या जानेवारीत ग्रेट बॅरियर रीफवर एक दांपत्य पाण्यातच राहिलं आणि बोट किनाऱ्याला परतली. ते बेपत्ता आहेत हे लक्षात यायला दोन दिवस गेले. चालती डोकी मोजताना एक पुन्हा मोजलं जातं, कुणी पुन्हा पाण्यात उडी मारतं. प्रत्येक डाइव्हनंतर नाव पुकारून, समोर चेहरा बघून खूण करणं, एवढंच करायचं असतं. ते होत नसेल तर न संकोचता मागणी करा. मुक्कामी बोटीवर आणखी एक गोष्ट बघायची. २०१९च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एका डाइव्ह बोटीला रात्री आग लागली आणि ३४ जण गेले. झोपायच्या जागेतून बाहेर पडायचे दोन्ही रस्ते वरच्या एकाच पेटलेल्या दालनात उघडत होते, आणि रात्री फिरून पहारा देणारं कुणी नव्हतं. पहिल्या संध्याकाळी दोन्ही वाटांनी स्वतः वर जाऊन बघा, रात्री जागं कोण असतं ते विचारा, आणि टॉर्च-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपताना चार्जिंगला लावू नका.

नांगर थेट प्रवाळावर टाकतात की बांधलेल्या बोयाला बोट लावतात, यावरूनही सेंटर कळतं. २००४ साली सुरू झालेल्या ग्रीन फिन्स उपक्रमात सेंटरची याच गोष्टींवर तपासणी होते. जे प्रवाळाला जपतात ते रेग्युलेटरलाही जपतात, असं मला वाटतं. बऱ्याच सागरी उद्यानांत हातमोजे घालू देत नाहीत, कारण हातमोजा घातला की हात दगड धरायला पुढे जातो. पूर्ण पायांचा सूट मात्र तिथे फार कामाचा. अग्निप्रवाळ आणि जेलीफिशच्या तंतूंपासून गुडघे वाचतात.

शेवटची डाइव्ह आणि विमान यांत, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर, किमान १८ तास ठेवायचे असतात. सूट वाळवायला हाच वेळ मिळतो. गोड्या पाण्यात भिजवून आत-बाहेर धुवायचा, चेनच्या दातांवरून जुना ब्रश फिरवायचा. मग आतली बाजू वर करून, रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत आणि वाऱ्यावर टांगायचा. ऊन निओप्रीनला ठिसूळ करतं. सात-आठ तासांनी उलटवायचा. काखेतल्या शिवणी सगळ्यात शेवटी वाळतात. बॅगेत भरण्याआधी हात तिथे लावून बघा.